विमावाले नीलकंठकाका सरकारच्या बाजूने बोलले

नीलकंठ लघाटे आरोग्य विमा विकायला बसले की आधी काय मिळणार नाही ते सांगतात.

पॉलिसी इंग्रजीत असते. काका ती घरी आणतात, दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून काढतात आणि ग्राहकाच्या घरी जाऊन मोठ्याने वाचतात. पहिल्या सात पानांत न मिळणाऱ्या गोष्टी असतात. मोतीबिंदू दोन वर्षं नाही. गुडघा तीन वर्षं नाही. दात कधीच नाही. एवढं होईपर्यंत चहा संपतो आणि बरेच लोक उठतात. जे बसून राहतात त्यांना विमा मिळतो. देवासात अशी साठेक घरं आहेत. त्यांतल्या एकाचाही दावा आजवर फेटाळला गेलेला नाही. कंपनीच्या इंदूर ऑफिसातल्या विक्रीच्या यादीत काकांचं नाव शेवटून दुसरं असतं. शेवटचे गृहस्थ वारलेले आहेत.

काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. लग्न केलेलं नाही. मी चोवीस वर्षांची आहे, हिंदी साहित्यात एम.ए. आहे, आणि गेली तीन वर्षं आमची मैत्री आहे. माझं शिक्षण सगळं हिंदीतून झालं. मराठी घरात बोलत होते, पण वाचायला घेतली की दुसऱ्या पानावर दमायचे. ती सवय मला काकांच्या वह्यांनी लावली. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून वह्यांची पक्की प्रत मी करते. ‘प्री-एग्झिस्टिंग डिसीज’ला मराठीत काय म्हणायचं यावर आमचे दोन दिवस गेले. मी ‘पूर्वस्थित व्याधी’ सुचवलं.

“मधू, हे ऐकून माणूस तिथेच आजारी पडेल,” काका म्हणाले.

मग ‘आधीचं दुखणं’ ठरलं.

काकांबद्दल गावाला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते सकाळच्या बसने धारला जातात आणि संध्याकाळी परत येतात. का, ते सांगत नाहीत. धारला त्यांची कुणीतरी आहे, असं गावाने ठरवून टाकलं होतं. अडतीस वर्षं ते ठरलेलं होतं. माझ्या आईच्या मते ती शिक्षिका होती.

देवासात पूर्वी दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे. रस्त्याची ही बाजू एकाची, ती बाजू दुसऱ्याची. संस्थानं गेली, पण मराठी घरं अजून स्वतःला या नाहीतर त्या पातीची म्हणवतात. त्याचा उपयोग आता एकच उरला आहे. दर रथसप्तमीला आमच्या सन्मित्र मंडळात दोन्ही पात्यांचा वादविवाद होतो. विषय मंडळ देतं. कोणत्या पातीने कोणती बाजू मांडायची ते चिठ्ठीने ठरतं. चिठ्ठ्या गडूत घालून टेकडीवर देवीसमोर काढतात, आणि निघालेली बाजू बदलता येत नाही. हा नियम काकांनीच केला. त्याआधी एका वर्षी दोन्ही पात्यांना एकच बाजू हवी होती आणि वादविवाद झालाच नाही.

यंदाचा विषय होता, सत्तरीनंतर भरवसा कुणाचा, सरकारी कार्डाचा की खासगी विम्याचा. मंडळात दुसरा विषय तसाही चालत नव्हता. सत्तरी उलटलेल्या कुणालाही आता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. दुसरीकडे खासगी विम्याचे हप्ते वयाबरोबर चढत चालले होते. हप्त्यावरचा कर गेला तेव्हा मंडळात पेढे वाटले होते. पुढचा हप्ता आला तेव्हा कुणी काही वाटलं नाही.

थोरल्या पातीतर्फे दरवर्षी काका बोलतात. धाकट्या पातीतर्फे प्रतापराव. प्रतापराव सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होते, एकतीस वर्षं, आधी सरदारपुरात आणि मग मनावर गावात. टेकडीवर चिठ्ठ्या निघाल्या. काकांना सरकारी कार्ड आलं. प्रतापरावांना खासगी विमा.

प्रतापरावांनी आपली चिठ्ठी दोनदा वाचली. “धोब्याने कपडे बदलले, भिया,” ते म्हणाले.

सगळे हसले. नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी देवीला पुन्हा एकदा हात जोडले आणि त्या पायऱ्या उतरायला लागल्या. दर दहा पायऱ्यांनी त्या थांबत होत्या.

नर्मदाबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे यजमान पीपलरावां गावात मास्तर होते आणि काकांचे थोरले मित्र. ते गेले. मूलबाळ नाही. काका त्यांना वहिनी म्हणतात, त्या काकांना भावजी म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी काकांची पहिली सात पानं ऐकूनही त्या बसून राहिल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांचा विमा चालू होता. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नसल्याचं निघालं. इंदूरच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत ऑपरेशन करायला सांगितलं होतं. त्या डॉक्टरांवर नर्मदाबाईंचा विश्वास होता. ते ज्या दवाखान्यात ऑपरेशन करत, तो सरकारी कार्ड घेत नव्हता.

यंदाचा हप्ता त्यांच्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढा आला होता. त्यांनी तो भरला नव्हता. वरचे सवलतीचे दिवसही मंगळवारी संपत होते. वादविवाद रविवारी होता.

काकांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, कार्डही काढा आणि हप्ताही भरा, ऑपरेशन होऊ द्या, मग विमा खुशाल सोडा. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं होतं. टेकडी उतरल्यावर त्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी काकांना जवळ बोलावलं.

“भावजी, देवीने सांगितलं. विमा सोडायचा.”

“वहिनी, ती स्पर्धेची चिठ्ठी आहे.”

“देवीला काय माहीत स्पर्धा आहे ते?”

“माझं ऐका. तुम्ही हप्ता भरा.”

“तुम्ही एजंट आहात. एजंट आणखी काय सांगणार? रविवारी तुम्ही माईकवर एजंट नसणार, थोरल्या पातीचे असणार. पातीसाठी उभं राहून तुम्ही खोटं बोललेले मी ऐकलेले नाही. जिंकलात तर मी हप्ता भरत नाही. हरलात तर भरते.”

“असं कुठे असतं?”

“कौल असाच असतो,” नर्मदाबाई म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या.

काका त्याच संध्याकाळी कुसुमावतीबाईंकडे गेले. त्या मंडळाच्या सचिव आहेत. काका म्हणाले, बाजू बदलून द्या. कुसुमावतीबाईंनी नियमांची वही काढली आणि बोट ठेवलं.

“हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“मग?”

काका परत आले. मी त्यांना म्हटलं, मुद्दाम हरा, सोपं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखादा रकाना कोरा ठेवायला सांगितला होता.

“समोर वहिनी बसलेल्या असताना मुद्दाम कच्चं बोलायचं?”

“त्यांच्यासाठीच.”

“त्यांना कळेल. मग त्या माझं कधीच खरं मानणार नाहीत. झडपेचंही नाही.”

पुढचे चार दिवस त्यांनी मुद्दे काढले. एकेक मुद्दा लिहायचे आणि खोडायचे. शनिवारी मी गेले तेव्हा कागदावर एकच ओळ होती आणि ती त्यांनी मला दाखवली नाही.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. दारात मोना नावाची शेजारची मुलगी तिळगूळ घेऊन बसली होती. पण तो वादविवादानंतर द्यायचा असतो. आधी दिला तर माणसं गोड बोलतात आणि कार्यक्रम पडतो. नर्मदाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. घंटा माझ्याकडे होती. सात मिनिटं झाली की वाजवायची.

आधी प्रतापराव उठले. “मी एकतीस वर्षं सरकारी खिडकीच्या आत उभा होतो,” ते म्हणाले. “ती खिडकी इतकी खाली असते की माणसाला वाकून बोलावं लागतं. मी कितीदा लिहून दिलं, खिडकी वर घ्या. शेवटी साहेब म्हणाले, प्रतापराव, ही नक्शात आहे.”

लोक हसले. प्रतापराव हसले नाहीत.

“कार्ड चांगलं आहे. मी काढलंय. पण काही दवाखान्यांत काउंटरवरची पोरगी विचारते, कार्डवर करायचंय का? हो म्हटलं की ती आत विचारायला जाते. मग तिची ड्यूटी संपते. आमच्या सौ.चं अंगठ्याने होत नव्हतं. ठसाच उमटेना. पन्नास वर्षं भांडी घासली, ठसे भांड्यांवर गेले. शेवटी डोळा लावून झालं. खासगी विमा महाग आहे, कबूल. पण त्यात भांडायला एक माणूस मिळतो. तुमच्याकडे तो नीलूभिया आहे. सरकारातला नीलूभिया मला दाखवा, मी आत्ता बसतो.”

टाळ्या खूप वेळ वाजल्या. मला हायसं वाटलं. काका हरतील असं वाटलं.

काका माईकपाशी आले. “आधी या कार्डात काय मिळत नाही ते सांगतो,” ते म्हणाले.

हॉल हसला. काकांनी खरंच सांगितलं. दवाखान्यांची यादी ठरलेली असते. तुमचा डॉक्टर त्या यादीत असेलच असं नाही. भरती झाल्याशिवाय इलाज नाही. प्रतापरावांनी सांगितलं ते सगळं खरं. घरात सत्तरीची दोन माणसं असली तर पाच लाख दोघांत. असं करत चार मिनिटं गेली. थोरल्या पातीची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

“आता काय मिळतं,” काका म्हणाले. “हे कार्ड तुमचं वय विचारतं. काय झालं होतं, हे विचारत नाही. एवढी एकच गोष्ट आहे. बाकी मुद्दे मी खोडले.”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“कंपनीच्या फॉर्मवर तेरावा रकाना असतो. आधीचं दुखणं. तुम्हा सगळ्यांचे ते रकाने मीच भरलेत. दोन हजार चार साली मी माझाही भरला. लिहिलं, मला फिट येतात. पहिली सोळाव्या वर्षी आली, शेवटची एकोणतिसाव्या. गोळी चालू आहे. कंपनीने नाही म्हणून कळवलं. ज्या कंपनीचा मी एजंट, तीच. या भागाची पत्रं माझ्याच पत्त्यावर येतात, म्हणून नकाराचं पत्र मलाच मिळालं.”

काकांनी पेला बाजूला ठेवला.

“त्याआधी हाच रकाना मी एकदा उज्जैनला मुलीकडच्यांना तोंडी भरून दिला होता. त्यांचंही नाहीच होतं. त्यांनी पत्र पाठवलं नाही. मग मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. गोळ्या धारच्या सरकारी दवाखान्यातून आणतो. देवासात दवाखान्याची चिठ्ठी काढली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. धारला लाईन मोठी असते. कधी गोळ्या संपलेल्या असतात, तेव्हा बाहेरून विकत घेतो. पण तिथे मला कुणी नाही म्हटलेलं नाही. संपल्यात, पुढच्या खेपेला या, एवढंच म्हणतात. माझा विमा नाही. तुम्हाला विमा विकतो त्या माणसाचा विमा नाही. मी सत्तरीची वाट पाहतो आहे. दोन वर्षं राहिलीत. सरकारच्या बाजूने मला एवढंच सांगायचं आहे.”

ते जाऊन बसले.

घड्याळात साडेआठ मिनिटं झाली होती. घंटा माझ्या मांडीवर होती. कुणी तक्रार केली नाही. ‘आधीचं दुखणं’ हे शब्द मी माझ्या अक्षरात वीस-बावीस वह्यांत लिहिले होते. त्यांच्या घरी मी जवळजवळ रोज बसत होते. त्या घरात औषधाची एक पट्टीही मी पाहिलेली नव्हती.

कुसुमावतीबाईंनी हात वर करायला सांगितले. खासगी विम्याला सोळा हात आले. मग सरकारी कार्डासाठी मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“प्रतापराव, हात खाली घ्या. तुम्हाला मत नाही.”

प्रतापरावांनी हात खाली घेतला. तरी काका जिंकले.

तिळगुळाच्या वेळी काकांजवळ कसं जावं ते कुणाला सुचेना. सगळे वाटीभोवती उभे होते. प्रतापराव गेले आणि त्यांनी काकांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या.

“म्हणजे धारला बाई नव्हतीच?”

“नव्हती.”

“आमच्या घरात तुला किती वर्षं शिव्या पडल्या, भिया. बिचारीशी लग्न करत नाही म्हणून.”

“माहीत आहे.”

“आणि गोळ्या मी दिल्या असत्या की. सरदारपुराहून आणून. कुणाला कळलं नसतं.”

“तुम्ही सांगितलं असतं.”

“मी? कुणाला?”

“तुमच्या सौ.ना.”

प्रतापरावांनी विचार केला. “हां,” ते म्हणाले. “तिला सांगितलं असतं.”

घरी पोहोचल्यावर कुलूप उघडताना आई म्हणाली, “मला ती शिक्षिकाच वाटायची.”

नर्मदाबाई मात्र तिळगूळ न घेताच निघून गेल्या होत्या. सोमवारी त्यांनी फोन उचलला नाही. तीन घरांतून काकांना निरोप आले की आम्हीही यंदा हप्ता भरत नाही, तुमचं पटलं. काका प्रत्येकाकडे गेले आणि विमा सोडल्यावर काय मिळणार नाही ते वाचून आले. त्यांतल्या दोघांनी पुन्हा विचार करतो म्हटलं. नर्मदाबाईंच्या दाराला कुलूप होतं.

मंगळवारी सकाळी अकराला त्या काकांकडे आल्या. जिना चढल्यामुळे बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. मी पाणी दिलं.

“तुमचा तो फॉर्म दाखवा,” त्या काकांना म्हणाल्या. “कंपनीने नाही म्हटलेला.”

काकांनी कपाटातून काढला. तो इंग्रजीत होता. नर्मदाबाईंनी मला वाचायला सांगितला. मी तेरावा रकाना मराठीत वाचला. काकांनी कमी-जास्त काही लिहिलेलं नव्हतं. फिट येताना जीभ चावली जाते, हेही लिहिलं होतं. ते कुणी विचारलं नव्हतं.

“आता माझा.”

त्यांच्या फॉर्मवर तेराव्या रकान्यात ‘काही नाही’ होतं.

“तेव्हा माझी झडप बिघडलेली असती तर?”

“तुम्हालाही नाही म्हटलं असतं.”

“आणि आज सोडला, उद्या पुन्हा मागितला तर?”

“झडप लिहावी लागेल. बहुतेक नाहीच म्हणतील.”

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. तुमच्या वहीत तिसऱ्या पानावर आहे.”

“वहीत एजंट बोलतो, भावजी.” त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्यासमोर ठेवला. “कसा भरतात ते बघ, मधू.”

मी फोन हातात घेतला. काका खुर्चीवरून उठले.

“वहिनी, रविवारी मी जिंकलो. तुम्ही म्हणाला होता, जिंकलात तर नाही भरणार.”

मला त्यांचा राग आला. हे त्यांनी बोलायची काही गरज नव्हती.

“म्हणाले होते,” नर्मदाबाई म्हणाल्या. “काल मी टेकडीवर जाऊन आले. दोन तास लागले चढायला. वर बसून विचार केला. चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली होती. माझ्या नावाची गडूत नव्हतीच. देवीला जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगायचं होतं, ते तुम्ही रविवारी करून टाकलं. माझी झडप, ती मी बघते.”

“या झडपेने तुम्ही टेकडी चढलात?”

“रोपवेने गेले असते तर देवीला काय वाटलं असतं?”

काका खाली बसले. मी पैसे भरायला घेतले. ओटीपी आला. नर्मदाबाईंनी तो एकेक आकडा करत वाचला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. एक वाजून वीस मिनिटांनी हप्ता भरला गेला.

ऑपरेशन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. इंदूरला आम्ही तिघं गेलो होतो. विम्याच्या माणसाने मंजुरी द्यायला सात तास लावले. तेवढ्या वेळात काका चार वेळा त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले, काही न बोलता. चौथ्यांदा त्याने स्वतःच खुर्ची दिली.

मग नर्सने संमतीचा कागद आणला. रुग्णाच्या नातेवाइकाची सही हवी होती. काकांनी नाव लिहिलं, आणि ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात लिहिलं, ओळखीचे.

“हे चालणार नाही, अंकल,” नर्स म्हणाली. “रिश्ता लिखिए.”

“रिश्ता नाही,” काका म्हणाले. “मी त्यांचा विम्याचा एजंट आहे.”

नर्मदाबाई स्ट्रेचरवर होत्या. त्यांनी मान वळवली. “भावजी म्हणते ना मी तुम्हाला?”

“ते म्हणायला.”

“चाळीस वर्षं म्हणायलाच म्हणते? खोडा ते. दीर लिहा.”

काका कागदाकडे पाहत राहिले. नर्सने घड्याळात पाहिलं. मग त्यांनी ‘ओळखीचे’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘दीर’ लिहिलं, खोडलं तिथे नियमाप्रमाणे छोटी सही केली, आणि खाली पूर्ण.